पाच फुटी पहार आणि एक टनाची लेथ

हायड्रा क्रेनवाला गल्लीच्या तोंडाशीच थांबला. खाली उतरून वर लोंबणाऱ्या वायरी बघितल्या, मग चालत आमच्या शेडपर्यंत आला, आत डोकावून पत्र्याची उंची बघितली आणि म्हणाला, "ताई, हे काय जमायचं न्हाई बगा. बूम उचलायलाच जागा न्हाई." दहा मिनिटांत माघारी गेला पण. आणि आम्ही तिघं, म्हणजे मी, आप्पा आणि माझा चुलतभाऊ, त्या लेथकडं, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनकडं, बघत उभे राहिलो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं ते शेड आप्पांनी सत्तावीस वर्षं भाड्यानं चालवलं. ऑइल इंजिनचे पार्ट, पंपाचे शाफ्ट, गुऱ्हाळाच्या चरकाच्या पिना, येईल ते काम. आता मालकानं जागा विकली, महिनाअखेरीला रिकामी करून द्यायची होती आणि पाचगावात घरामागं आम्ही छोटं शेड बांधून घेतलेलं. ड्रिल, ग्राइंडर, रॅक, सगळं दोन खेपांत गेलं. राहिली फक्त लेथ. साडेसहा फुटी बेड, सगळी बिडाची, वजन एक टनाच्या आसपास. मशीन शिफ्टिंगवाल्याला विचारलं तर त्यानं जो आकडा सांगितला त्यात नवीन शेडचा कोबा परत झाला असता.

आप्पांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय, जड उचलायचं नाही अशी सक्त ताकीद. मी अकाउंट्स बघणारी, वजन ५४ किलो. भाऊ तालमीत जाणारा, ८५ किलोचा, अंगात रग भरपूर, तो म्हणाला, "आक्का, तालमीतली चार पोरं बोलावतो, उचलून ठेवतो गाडीत." आप्पा स्टुलावर बसूनच म्हणाले, "उचलायची न्हाईच आहे ती. हलवायचीय. कोपऱ्यातली पहार आण."

ती पहार मी लहानपणापासून बघत आलेय. पाच फुटी, चपट्या टोकाजवळ कानशीनं पाडलेली एक खाच. ती खाच कशासाठी हे कधी विचारलं नव्हतं.

पहिला दिवस सगळा खोलण्यात गेला. मोटर काढली, चक, म्हणजे काम धरून फिरवणारा जबडा, काढला (तोच दोघांना जड झाला), टेलस्टॉक (कामाला टोकाकडनं आधार देणारा भाग) आणि कॅरेज (हत्यार धरून सरकणारा भाग) सरकवून पार दुसऱ्या टोकाला नेऊन आवळले. मला वाटलं हे वाटेतून बाजूला करण्यासाठी असेल, पण कारण वेगळं होतं. लेथचं वजन सगळीकडं सारखं नसतं, हेडस्टॉककडं, म्हणजे चक असतो त्या टोकाला, जास्त असतं कारण गिअर, स्पिंडल सगळं तिकडंच, त्यामुळं कॅरेज उलट्या बाजूला नेली की तोल थोडा मधे येतो. आप्पा म्हणाले, उसाची गाडी भरताना बघितलीस न्हवं? मागं जास्त भरली की गाडी उलाळ होते, जू वर जातं, बैलाच्या मानेला फास बसतो. पुढं जास्त भरली की सगळा भार बैलाच्या मानेवर. आसावर तोल साधून भरली तरच बैल खुशीनं चालतो. आजोळी गळिताच्या हंगामात या गाड्यांच्या रांगा मी शेकड्यांनी बघितल्यात, पण ती गाडी म्हणजे मधे टेकू असलेली एक मोठी तरफच आहे हे डोक्यात कधी आलं नव्हतं.

मग फाउंडेशन बोल्ट. चार बोल्ट, सत्तावीस वर्षांचा गंज, वर ऑइल आणि बुरादा बसून दगड झालेला. रात्रभर डिझेल टाकून ठेवलं तरी सकाळी पाना लावून भावानं सगळी ताकद लावली आणि नट ढिम्म. आप्पांनी तीन फुटी पाईप आणायला लावला, पान्याच्या दांड्यावर चढवला, म्हणजे एक फुटाचा पाना झाला जवळपास साडेतीन फुटाचा. आणि मला म्हणाले तू ओढ. मी टोकाला धरून ओढलं, कर्रर्र असा आवाज आला आणि नट फिरला. खरं सांगते, त्या आवाजानं अंगावर काटा आला. जिथं भावाच्या दंडानं हात टेकले तिथं माझ्या हातानं नट सुटला, आणि मधे फरक फक्त अडीच फूट पाईपचा.

तीन बोल्ट असे निघाले. चौथ्याला भावानं हुरूप येऊन पाच फुटी पाईप लावला आणि हिसका दिला तर बोल्टच तुटला, वरचा तुकडा नटासकट हातात. आप्पा ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले की पाईप लांब केला की हाताला कळंना होतं किती जोर पडलाय ते. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. आखूड पान्यानं ओढताना लोखंड कुठपर्यंत ताणलंय ते मनगटाला जाणवतं, लांब दांड्यावर ती जाणीवच जाते, तुम्हाला वाटतं हलकंच ओढतोय आणि तिकडं बोल्टाच्या मानेवर टनाचा पीळ पडलेला असतो. तरी बरं, तो बोल्ट जुन्या फाउंडेशनचा होता, तसाही तिथंच राहणार होता.

बोल्ट निघाल्यावर त्याच दुसऱ्या दिवशी खरं काम. लेथ बोल्टांवरून उचलून वर घ्यायची, खाली लाकडी बॅटन घालायचे, त्याखाली रोलर. म्हणजे चारी बाजूंनी पाचेक इंच वर. आप्पा चहा प्यायला बाहेर गेले तेवढ्यात भावानं सुरुवात केली पण. पहारीचं टोक हेडस्टॉककडच्या पायाखाली घुसवलं, टोकापासून एक फुटावर एक वीट ठेवली आणि दुसऱ्या टोकावर लोंबकळला. काहीच हललं नाही. मग दोन-तीन हिसके मारले तर वीट चुरा झाली, पहार सटकली आणि टोक उसळून त्याच्या नडगीपासून बोटभर अंतरावरनं गेलं. दोघंही गार पडलो.

आप्पा आत आले, चुरा झालेली वीट बघितली, काही न बोलता शेजारच्या पॅटर्न शॉपमधल्या (ओतकामाचे लाकडी नमुने करतात तिथल्या) मिस्त्रीकाकांकडनं बाभळीचा एक ठोकळा मागून आणला आणि पहारीखाली बरोबर त्या खाचेत टेकवला. टोकापासून दोन इंचावर! मग मला म्हणाले, दाब. आणि दाबली तर अख्खी लेथ, म्हणजे तिचा हेडस्टॉककडचा पाय, जमिनीवरून वर आला. आवाज नाही, हिसका नाही.

रात्री घरी बसून मी कागदावर मांडलं कारण मला झोपच येईना. पहार साठ इंच. टेकू दोन इंचावर म्हणजे माझ्या बाजूला उरले अठ्ठावन. अठ्ठावन भागिले दोन, एकोणतीस पट. हेडस्टॉककडचा भार साधारण सहाशे किलो धरला तर मला लागला जेमतेम एकवीस किलोचा जोर, म्हणजे पाण्याचा एक भरलेला कॅन. भावानं टेकू बारा इंचावर ठेवला होता, त्याच्या बाजूला उरले अठ्ठेचाळीस, म्हणजे फक्त चौपट, त्याला लागला असता दीडशे किलो आणि त्याचं वजनच पंचाऐंशी. तो दिवसभर लोंबकळला असता तरी काय झालं नसतं. आणि वीट का फुटली तेही मग कळलं. टेकूवर नुसतं मशीनचं वजन येत नाही, आपण वरून लावलेला जोर पण त्यातच मिळतो, दोन्ही मिळून सगळं त्या एका ठोकळ्यावर. म्हणून टेकू सगळ्यात भक्कम पाहिजे. सहावी-सातवीत टेकू, भार, बल असं सगळं पाठ केलेलं, तरफेचे तीन प्रकार लिहून पाच मार्क पण मिळवलेले, पण टेकूवर किती येतं हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही विचारला नव्हता.

आमच्या आजीला मात्र यातलं सगळं माहीत होतं असं आता वाटतं. ती अडकित्त्यात सुपारी अगदी खिळ्याजवळ सरकवायची आणि मूठ पार टोकाला धरायची, आम्ही पोरं टोकाकडं सुपारी धरून दाबत बसायचो आणि ती म्हणायची आत सार की गं. जात्याचा खुंटा पण मधे नसतो, कडेला असतो. कुणी तिला गणित शिकवलेलं नव्हतं.

भावाला हे गणित सांगून पटेना, पण त्यानं त्याच्या भाषेत लावून घेतलं. म्हणाला, "म्हणजे धोबीपछाडच की आक्का. गड्याला हातानं उचलायला गेलं तर उठत न्हाई, पण त्याच्या खाली घुसून कंबर लावली की आपल्या पाठीवरनं जातोय. कंबर म्हंजे ठोकळा." अगदी बरोबर. आणि कंबर लांब ठेवून डाव मारला की फसतो, हेही त्यानंच सांगितलं.

आता उचलण्याबद्दल थोडं नीट सांगते कारण सगळा जीव यातच आहे. एकोणतीस पट जोर मिळतो तो फुकट मिळत नाही. माझा हात एकोणतीस इंच खाली गेला तर मशीन एक इंच वर येतं. प्रत्यक्षात कमरेपासून खाली दाबायला वीसेक इंचच मिळतात, म्हणजे मशीन वर येतं पाऊण इंचाच्या आतच. तेवढ्यात भावानं अर्ध्या इंचाची लोखंडी पट्टी पायाखाली सरकवायची, तीही हातानं नाही, लाकडी काठीनं ढकलून, बोट कधीच आत घालायचं नाही हा आप्पांचा पहिला नियम. दुसरा नियम, पहारीच्या दोन्ही बाजूला पाय टाकून उभं राहायचं नाही, नेहमी एका कडेला, कारण सटकली तर ती सरळ वर येते. मग पहार सोडायची, टेकू पण अर्धा इंच उंच करायचा, परत दाबायचं, परत पट्टी. एका टोकाला इंचभर झालं की दुसऱ्या टोकाला जायचं, एकच बाजू चढवत नेली तर मशीन कलंडायची भीती. पाच इंच चढवायला आम्हाला पावणेदोन तास लागले. मला घाई होत होती, सारखं वाटायचं अजून थोडं जास्त दाबून एकदम इंचभर घेऊ, आणि आप्पा स्टुलावरनं नुसतं म्हणायचे, दमानं.

बॅटन बोल्टाच्या भोकांतून आवळून घेतले, खाली रोलर टाकले. रोलरसाठी पाईप चालतात पण आप्पांनी भरीव बार घेतले कारण फरशीच्या सांध्यात पाईप दबून चपटा झाला तर मशीन तिथंच बसते. शहाबादी फरशी फुटू नये म्हणून वर प्लेटा टाकल्या. आणि मग ती एक टनाची लेथ आम्ही दोघांनी ढकलली आणि ती चालायला लागली! फरशीवर नुसती ओढायला गेलो असतो तर घासण्यालाच काही शे किलो खर्ची पडले असते, रोलरवर मात्र आम्ही दोघं बोलत बोलत ढकलत होतो. मागून सुटलेला रोलर उचलायचा आणि पुढं टाकायचा. वळवायचं असलं तर पुढचा रोलर हातोडीनं थोडा तिरका ठोकायचा, मशीन आपोआप तिकडं वळते. दारातल्या गटारीवर दहा एमएमची प्लेट टाकून तो एक टप्पा पार केला तेव्हा मिस्त्रीकाका आणि शेजारचे दोन वेल्डर पण मदतीला आले, गल्लीत पहिल्यांदाच बाईमाणूस मशीन हलवतंय म्हणून बघायला आलेले होते पण शेवटी हात लावून गेले, आणि चहा पण त्यांनीच पाजला.

टेम्पोत चढवणं हे मला सगळ्यात अवघड वाटलेलं. टेम्पोचा हौदा जमिनीपासून तीन फूट. आम्ही बारा फुटी दोन लोखंडी चॅनेल लावून उतरण केली. तीन फूट चढायला बारा फूट चालायचं, म्हणजे सरळ उचलायला हजार किलो लागले असते तिथं उतारावर चौथा भाग, अडीचशे, वर घासण्याचा भाग वेगळा. उतारावर रोलर ठेवायचे नाहीत, निसटली तर कुणाच्या बापाला थांबायची नाही, म्हणून रोलर काढून चॅनेलला भरपूर ग्रीस फासलं आणि बॅटन त्यावरनंच घसरत वर नेले. घासलेलं बरं, कारण त्यानं मशीन धरून ठेवायला मदत होते. ओढायला भाड्यानं आणलेला दीड टनी लिव्हर ब्लॉक, त्याचा हूक टेम्पोच्या चासीला पट्टा बांधून अडकवलेला. छोटा दांडा मागंपुढं करायचा, कट कट कट, प्रत्येक वेळी साखळी थोडीशीच आत जाते, पण आत गेलेली साखळी परत मागं येत नाही कारण आत रॅचेट, म्हणजे एकाच दिशेनं फिरणारं दातेरी चाक, असतं. विहिरीवरची यारी दगडाची बादली वर घेताना जशी मधेच थांबली तरी बादली खाली येत नाही, तसंच.

एक गोष्ट मात्र आमच्याकडून राहिली होती. मशीन अर्ध्यावर गेली तसा टेम्पोचा मागचा भाग स्प्रिंगांवर दबून खाली बसायला लागला आणि चॅनेलची टोकं सरकायला लागली. आप्पा लगेच उठून उभे राहिले (तेवढंच काय ते उठले), काम थांबवलं, हौद्याखाली ठोकळे रचून वरून पाचरी ठोकल्या. पाचर म्हणजे हलती उतरणच की, हातोडीचा घाव आडवा बसतो आणि जोर उभा लागतो. चार घावांत टेम्पोची शेपटी घट्ट झाली. चाकांमागं पण पाचरी होत्याच. मग अर्ध्या तासात लेथ गाडीत.

पाचगावात उतरवताना हेच सगळं उलट. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, फक्त एवढं की खाली येताना ब्लॉकनं मागून धरून सोडत आणायची असते आणि सगळ्यांना वाटतं उतरवणं सोपं, पण मला तिथंच जास्त घाम फुटला.

तिसरा दिवस लेव्हलचा. इथं पहारीचं काम संपलं आणि स्क्रूचं सुरू झालं. पायाखाली लेव्हलिंगचे बोल्ट, वीस एमएमचे, आट्यांमधलं अंतर अडीच एमएम. म्हणजे पाना एक पूर्ण फेरा फिरवला की मशीन अडीच एमएम वर जाते. एक फुटाच्या पान्याचं टोक एका फेऱ्यात जवळपास एकोणीसशे एमएम फिरतं आणि मशीन चढते अडीच, साडेसातशे पट! त्यातला बराचसा जोर आट्यांच्या घासण्यात जातो, पण त्या घासण्यामुळंच बोल्ट सोडला तरी आपण होऊन खाली फिरत नाही. मनात म्हटलं काल दिवसभर ज्या वजनाशी झटलो ते आज एका हातानं पाना धरून वरखाली करतेय. नीट बघितलं तर स्क्रू म्हणजे गुंडाळून ठेवलेली उतरणच, टेम्पोला लावलेले चॅनेल लांब होते, हे तेच काम बोटभर जागेत करतात.

आप्पांनी फडक्यात गुंडाळलेली त्यांची लेव्हल काढली. एका मीटरला ०.०२ एमएमचा फरक दाखवणारी आहे ती, बुडबुडा एका रेघेनं सरकला की तेवढा फरक. बेडवर आडवी ठेव, उभी ठेव, हेडस्टॉककडं बघ, टेलस्टॉककडं बघ. मला वाटत होतं बेड एवढा बिडाचा जाडजूड, तो कशाला वाकतोय, पण चार पायांतला एक जरी अधांतरी राहिला की बेडला पीळ पडतो आणि पीळ पडला की काम टेपर, म्हणजे एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक, निघतं.

बुडबुडा मधे आला तरी आप्पांचं समाधान नाही. दोन इंची बार चकात धरला, टेलस्टॉकचा आधार न देता, चकाजवळ एक आणि आठ इंचावर एक असे दोन कॉलर (जाड पट्टे) सोडून मधला भाग खाली घेतला, मग दोन्हीवर एकाच सेटिंगला हलका कट. मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. चकाजवळ आणि टोकाला मिळून चार शतांशाचा फरक, म्हणजे ०.०४ एमएम. आप्पा म्हणाले, "टेलस्टॉककडचा मागचा पाय. पाव फेऱ्याच्या निम्मा."

मी वाकून पाना लावला, हळूच फिरवला, तेवढाच. परत कट. परत माप. ०.०२. परत थोडा. भाऊ तोपर्यंत दारात बसून चिरमुरे खात होता, तोही उठून आला. तिसऱ्या कटाला दोन्हीकडचा आकडा शतांशाच्या आत आला. आप्पांनी मायक्रोमीटर माझ्याकडनं घेतला, स्वतः दोनदा मोजला, बार काढून फडक्यानं पुसला आणि रॅकवर ठेवून दिला, बाजूला लेव्हल. मग म्हणाले, फाउंडेशनचं ग्राउटिंग उद्या सकाळी करूया, सिमेंट सुकंपर्यंत हात लावायचा न्हाई, आणि ती पहार बाहेर पावसात ठेवू नको, तेल लावून आत घे.